भाऊबिजेची बाटली

"माझं घ्या. माझ्या बहिणीला माझंच रक्त चढवा."

वीस वर्षं झाली, पण हा आवाज नलिनीच्या कानातून गेला नव्हता. बडोद्यातल्या एका दवाखान्यात ती बाळंतपणाच्या खाटेवर पडली होती. उत्कर्षा जन्मली होती, रडून दमून झोपलीही होती, आणि नलिनीचं रक्त काही थांबत नव्हतं. पाय गार पडत चालले होते. खोलीतली माणसं बोलत होती, पण नदीच्या पल्याडून बोलावीत तशी. तेवढ्यात दाराबाहेरून दादाचा आवाज आला. आखाड्यात घुमायचा तसाच, भरदार. त्या आवाजाचं बोट धरून आपण परत आलो, असं ती मनाशी धरून होती.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा दादा उशाशी बसला होता. बोटाला कापूस गुंडाळलेला, मनगट मोकळं. आईनं विचारलं, घड्याळ कुठं गेलं रे. धावपळीत पडलं कुठंतरी, एवढंच तो म्हणाला.

आईनं, म्हणजे इंदिराबाईंनी, ती गोष्ट दांडिया बाजारात घरोघर पोचवली. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते. भिंतीवरची तलवार दर दसऱ्याला उतरायची, पुसायची, झेंडू वाहायचा आणि पुन्हा चढवायची, एवढीच काय ती घोडेस्वारी आता उरली होती. पण दादानं, म्हणजे विश्वासरावांनी, बहिणीला रक्त दिलं आणि आईला वाटलं, पागा अजून शाबूत आहे. दर भाऊबिजेला दादा ताटात साडी ठेवायचा आणि आई म्हणायची, "साडी कशाला रे, तू तर बाटली घातलीयस ओवाळणीत." सगळे हसायचे. दादा मान खाली घालायचा. माणूस एवढा मोठा, पण कौतुक सोसत नाही, असं सगळे म्हणायचे. आई गेल्यावर ते वाक्य गजेंद्रच्या वाट्याला आलं. नवराच तो नलिनीचा, त्यानं ते हौसेनं चालवलं.

२००६ च्या उन्हाळ्यात नलिनीच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं आणि ऑपरेशन राहिलं बाजूला. हिपॅटायटिस सी, असं कागदावर होतं. अलकापुरीतल्या यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का. नलिनीनं बाळंतपणाचं सांगितलं. बाईंनी मान हलवली. त्या काळी या विषाणूची तपासणीच नव्हती, म्हणाल्या. रक्त देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पंचवीस-पंचवीस वर्षं तो लिव्हरमध्ये निजून राहतो, आणि जागा होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "लोही कोणे आप्युं हतुं, नलिनीबेन? रक्त कुणी दिलं होतं? ओळखीतलं कुणी असेल तर त्याला पहिलं घेऊन या."

गजेंद्र खाली मेडिकलच्या दुकानात चौकशी करत होता. खोलीत दोघीच होत्या.

"खबर नथी," माहीत नाही, नलिनी म्हणाली. खोटं बोलायला दुसरी भाषा बरी पडली.

औषध सुरू झालं श्रावणात. चोवीस आठवड्यांचं. दर शुक्रवारी पोटावर एक इंजेक्शन, ते फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी राहायचं. शिवाय रोज चार कॅप्सूल, दोन सकाळी, दोन रात्री. शुक्रवारी इंजेक्शन, शनिवारी हुडहुडी, रविवारी घामाघूम, सोमवारी पुन्हा माणसात. गजेंद्र आणि उत्कर्षा दोघांचंही रक्त तपासून झालं. दोघं निर्मळ निघाली. नलिनीनं देवाला साखर ठेवली, आणि त्याच वेळी तिच्या पोटात एक नाव हललं, जे ती कुणाला सांगत नव्हती.

गजेंद्र बाजव्याजवळच्या रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये होता. दर तासाला आकडे बघायचे, वहीत लिहायचे, काटा सरकला की आधी सगळं नीट पाहायचं आणि मगच हात लावायचा, ही त्याची सत्तावीस वर्षांची सवय. त्यानं फ्रिजच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला. दर आठवड्याच्या तपासणीनंतर त्यावर तीन ठिपके पडायचे. लाल ठिपका हिमोग्लोबिनचा, निळा पांढऱ्या पेशींचा, हिरवा प्लेटलेटचा. आठच्या आकड्यावर त्यानं आडवी तांबडी रेघ ओढली. उत्कर्षानं विचारलं, ही कशाची. "अलार्म," गजेंद्र म्हणाला.

लाल ठिपके उतरत होते. साडेबारावरून साडेदहा, मग नऊ पॉइंट चार. वहिनी, म्हणजे दादाची बायको स्नेहलता, बीट घेऊन आली, गूळ-शेंगदाणे घेऊन आली, लोखंडाच्या कढईतली पालेभाजी घेऊन आली, आणि शेवटी लोहाच्या टॉनिकची बाटली घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी बीट-पालेभाजीला हरकत घेतली नाही, टॉनिक मात्र परत करायला लावलं. लोह कमी नाहीच, त्या म्हणाल्या, लिव्हरच्या आजारात ते उलट साठतं. इथे कॅप्सूलच तांबड्या पेशी फोडतात. घरात धान्य आहे, पण कणगीला भोक पडलंय, वरून कितीही ओता. हे त्यांनी गुजरातीत सांगितलं तरी नलिनीला मराठीत ऐकू आलं.

कॅप्सूल कमी का करत नाही, असं गजेंद्रनं विचारलं. बाई म्हणाल्या, चाराच्या तीन करता येतात, पण पहिले बारा आठवडे मी शक्यतो हात लावत नाही. या बारा आठवड्यांतच विषाणू हटतो की नाही ते ठरतं. त्याऐवजी त्यांनी रक्त वाढवायचं दुसरं इंजेक्शन दिलं. त्याचा गुण यायला तीन-चार आठवडे लागणार होते. गजेंद्रला हे पटलं. प्लँट बंद न करता दुरुस्ती, तो म्हणाला.

मग निळा ठिपकाही घसरला. बाईंनी नियम घालून दिले. गर्दीत जायचं नाही, कापलेली फळं बाहेरची नाहीत, घरात शिरणाऱ्यानं साबणानं हात धुवायचे, आणि शंभरावर ताप गेला, इंजेक्शनमुळे आलेला नसला, तर त्याच तासाला फोन. नवरात्रात हरणीच्या त्यांच्या सोसायटीत गरबा झाला. नलिनीनं तो दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकून पाहिला. उत्कर्षा खालून दर फेरीला मान वर करून हात दाखवायची.

अशक्तपणाची एक वेगळीच मोजदाद असते. जिन्याच्या बावीस पायऱ्यांत आता तीन थांबे लागत. केस विंचरताना हात वर धरून ठेवायला दम नव्हता, म्हणून ती कोपर कपाटाला टेकवायची. कणीक उत्कर्षा मळायची. कानात सतत स्वतःच्याच काळजाचा ठोका, दूरच्या आळीतल्या ढोलासारखा. दुपारी घर रिकामं झालं की ती पलंगावर पडून आईची ओवी गुणगुणायची. आईचा गळा तिला आला नव्हता, पण ओव्या सगळ्या आल्या होत्या.

तळहाताएवढी पणती, तिचा उजेड अंगणभर
भावाचा एक शब्द, मला पुरतो जन्मभर

दुसऱ्या ओळीपाशी ती थांबायची. पुरला होता खरा. बोहणीच्या रुपयासारखा तो शब्द जपून ठेवला होता तिनं. सासरी काही बोललं गेलं, कधी स्वतःचंच मन उतरलं, की तो काढून पाहायचा. आता त्याच शब्दाच्या मागे विष निघालं होतं आणि ते देणाऱ्याला ठाऊक नव्हतं. दादा अजूनही आखाड्यात पोरांना जोर-बैठका घालायला लावतो. त्याच्याही लिव्हरमध्ये तेच निजलेलं असेल. सांगावं, तर वीस वर्षांचा त्याचा एकुलता अभिमान हातात मोडून ठेवल्यासारखं. न सांगावं, तर तो विषाणू जागा व्हायची वाट पाहत बसल्यासारखं. दर शुक्रवारी ती ठरवायची, ताप उतरला की सांगू. ताप उतरायचा.

दिवाळी आली. लॅबवाला ओळखीचा झाला होता, सुट्टीतही घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी गजेंद्रनं फोनवर आकडा ऐकला, कागदापाशी गेला आणि ठिपका देण्याआधी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. सात पॉइंट आठ. तांबड्या रेघेखालचा पहिला ठिपका.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर शांतपणे सगळं ऐकलं. दम लागतो का, छातीत दुखतं का, असं एकेक विचारलं. मग म्हणाल्या, दहा आठवडे झालेत, बारातले दोनच उरलेत, मी औषध थांबवत नाही. रक्ताचं इंजेक्शन लागू पडेल, त्याला थोडा वेळ हवाय, तोवर एक बाटली चढवू. भाऊबीज घरी करा, परवा सकाळी या. भिण्यासारखं नाही, आता प्रत्येक बाटली तपासलेली असते. मात्र ब्लड बँकेत बदल्यात घरच्या कुणीतरी रक्त द्यावं लागेल, गट कुठलाही चालेल.

घरचं कुणीतरी. गजेंद्रला गणपतीच्या सुमारास मलेरिया झाला होता, त्याचं चालणार नव्हतं. उत्कर्षाचं वजन एक्केचाळीस किलो. नलिनी काही बोलण्याआधी गजेंद्रनं दांडिया बाजारला फोन लावलाही होता. "दादा, पुन्हा एकदा बाटलीची वेळ आलीय," तो हसत म्हणत होता.

रात्रभर, जाग आली की, नलिनी तेवढाच विचार करत होती. काही न बोलणं सगळ्यात सोपं होतं. दादा परवा रक्त देईल, ब्लड बँक ते तपासेल, आणि जे असेल ते त्याला तिथलं कुणीतरी बोलावून सांगेल. खिडकीपलीकडून, एका कागदावर बोट ठेवून. ती तोंड न उघडताच सुटणार होती. पण त्या वेळी दादा एकटा उभा असेल. आपण पडलो होतो तेव्हा दाराबाहेर तो होता, आणि त्याच्या वेळी दाराबाहेर कुणीच नसावं?

सकाळी गजेंद्र पहिल्या पाळीला गेला. दादा नऊला आला, एकटाच. वहिनीला सर्दी होती, म्हणून ती मुद्दाम आली नव्हती. त्यानं बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, कुस्तीआधी धुवावेत तसे चोळून, आणि मग आत आला. बहिणीकडे पाहून त्याचा चेहरा क्षणभर सांडला, पण लगेच त्यानं तो गोळा केला. "नलू, तू तर अगदी कागदासारखी झालीस," म्हणाला. "तरी बरं, कागदावर जावईबापूंनी रेघा मारून ठेवल्यात."

उत्कर्षानं पाट मांडला, ताट सजवलं. ओवाळायला नलिनी उभी राहू शकत नव्हती. दादानं टोपी घातली, पाट सरकवून खुर्चीपाशी आणला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला, म्हणजे तिला हात फार उचलावा लागू नये. तिनं कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या. निरांजन पहिल्या फेरीलाच जड झालं. दादानं ताटाला खालून हात लावला, आणि दोघांनी मिळून त्याला ओवाळलं. उत्कर्षा खूप हसली. असं ओवाळणं कुणी पाहिलं नसेल, म्हणाली. मग ती खाली फाफडा-जलेबी आणायला गेली, मामाला ती लागतेच म्हणून.

दादानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि साडीआधी तो ताटात ठेवला. हिमोग्लोबिन, विश्वासराव, वय शेहेचाळीस, चौदा पॉइंट दोन.

नवरात्रात केलीय तपासणी, त्यानं सांगितलं. दरवर्षी करतो. काल गजेंद्ररावांचा फोन आला तेव्हा हा शोधून काढला. उद्या कुणी नाही म्हणायला नको. बोलताना तो कागदाची कड बोटानं सरळ करत होता. एवढा धिप्पाड माणूस, आणि निकाल लागलेल्या पोरासारखा बसला होता.

नलिनीनं निरांजन खाली ठेवलं.

"दादा, उद्या तू रक्त देऊ नकोस."

"का? चौदा पॉइंट दोन आहे."

"ते नाही. आधी माझ्या आजाराची तपासणी कर तुझी. आजच. लॅबवाल्याला मी सांगते, तो घरी येईल."

त्याला कळलं नाही. तिनं सांगितलं. हळूहळू, दम घेत घेत. रक्तातून येतो, तिनं सांगितलं. मला दुसरीकडून कुठून यायचं कारण नाही, एकच बाटली चढलीय मला जन्मात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कुणी दिलं म्हणून. मी माहीत नाही म्हटलं. तुझा दोष नाही रे, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला असलाच तर औषध आहे, मी घेतेय ना, जड जातं पण निभतं. फक्त उशीर नको. एवढं बोलून ती थांबली. काळजाचा ढोल आता अगदी जवळच्या आळीत वाजत होता.

दादानं निरांजनाची वात सारखी केली.

"कधीपासून आहे हे तुझ्या मनात?"

"श्रावणापासून."

"गजेंद्ररावांना?"

"नाही. कुणालाच नाही."

"एवढा ताप, एवढी हुडहुडी," तो म्हणाला, "आणि त्यात हेपण घेऊन निजत होतीस?"

"तुझा आवाज ऐकला होता मी त्या दिवशी. माझं घ्या म्हणालास. त्याच्यावर जगले मी, दादा. त्याला असं काही चिकटू नये, असं वाटत होतं."

दादानं टोपी काढली. कुंकवाला लागलेल्या अक्षता एकेक करून ताटात पडल्या. कागद त्यानं उचलला, घडी घातली, आणि पुन्हा उघडून तिच्या मांडीवर ठेवला.

"नले, ब्लड बँकेत तेव्हा एक निळं पाणी असायचं. काचेच्या भांड्यात. आधी बोटाला टोचायचे आणि एक थेंब त्यात सोडायचे. चांगलं रक्त जड असतं, थेंब तळाला जातो. पातळ असलं की वर तरंगतो." त्यानं बोटाचं टोक अंगठ्यानं चोळलं. "मी बाही वर करून बसलो होतो. आखाड्याचा पहिलवान, पागेवाल्यांचा मुलगा. त्यानं थेंब सोडला आणि तो तरंगला. पुन्हा टोचलं, पुन्हा तरंगला. तो माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाला, पहेलवान, घेर जाओ, गोळ खाओ. घरी जा, गूळ खा."

नलिनीला ते बोट दिसलं. कापूस बोटाला होता. दंडाला नव्हता. वीस वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

"तू आत गार पडत होतीस. आई जिन्यात बसून देवाचं नाव घेत होती. तिला काय सांगू, माझं रक्त पातळ आहे? फाटकाबाहेर चिंचेखाली माणसं बसायची, रक्त विकणारी. त्यातल्या एकाचा गट जुळला. कोण, कुठला, मी नावही विचारलं नाही. हातातलं घड्याळ काढून त्याला दिलं. बाटली घेऊन मी धावत आलो, आणि ती माझ्या हातात बघून आई रडायला लागली. मग ती जे बोलत गेली, ते मला कधी खोडता आलं नाही. दर भाऊबिजेला तुझ्याकडे येण्याआधी मी रक्त तपासून घेतो. कधीतरी खरं द्यायची पाळी येईल, म्हणून. उद्या तपासायचं तर तपासू दे त्यांना, सगळं तपासू दे. पण तू माझ्यासाठी जे गिळून बसलीस, ते माझं नव्हतंच गं."

खाली जिन्यात उत्कर्षाची चप्पल वाजली. दादानं नलिनीचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"आवाज माझा होता, नलू. रक्त माझं नव्हतं."